हेमचंद्रची मंजुरी

माणसाची आजवरची सगळी प्रगती निरोप लवकर पोहोचवण्याच्या धडपडीतून झाली आहे, असं हेमचंद्रचं गंभीर मत होतं. हे मत त्यानं कुठे वाचलेलं नव्हतं. आदिलाबादच्या बाहेर नागपूर रस्त्यावरच्या एका जिनिंग मिलमध्ये कापसाचा रोजचा भाव कित्येक वर्षं त्याच्या तोंडून बाहेर पडत होता, आणि इतक्या वर्षांत माणसाचं असं काहीतरी मत होतंच.

पद्धत अशी होती. सकाळी सेठजींच्या मोबाइलवर ठिकठिकाणच्या बाजारांतून फोन यायचे. सेठजी थोडा वेळ डोळे मिटून बसायचे आणि मग भाव सांगायचे. तो भाव हेमचंद्र सर्व्हरमध्ये घालायचा. इचोडा आणि तामसी इथे मिलची खरेदी केंद्रं होती. तिथले कॉम्प्युटर थोड्या थोड्या वेळानं या सर्व्हरला विचारायचे, की भाव बदलला का? सर्व्हर बहुतेक वेळा उत्तर देत नसे. मग केंद्रांवरून फोन यायचे, आणि हेमचंद्र खाकरून म्हणायचा, "घ्या लिहून." पलीकडे ट्रॅक्टरांची रांग, शेतकरी, काटेवाला, सगळे एकदम गप्प व्हायचे. ते गप्प होणं त्याला फोनमधून ऐकू यायचं. त्यासाठी तो नोकरीवर येत होता असं म्हटलं तरी चालेल.

प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिला होता, त्यामुळे तो बंद पडला की कसा सुरू करायचा हे फक्त त्यालाच माहीत होतं. सर्व्हरला वेगळी खोली होती, खोलीला एसी होता, आणि खोलीची किल्ली हेमचंद्रच्या पट्ट्याला होती. आदिलाबादच्या उन्हाळ्यात ज्याच्याकडे एसीच्या खोलीची किल्ली असते त्याला लोक आपण होऊन नमस्कार करतात. तेलुगू बोलणारे हमाल त्याला 'सर्व्हर सारू', म्हणजे सर्व्हरसाहेब, म्हणत, आणि सेठजींनंतर मिलमध्ये नावापुढे 'सारू' असलेला तो एकटाच होता.

मग अवधूत राहायला आला.

अवधूत हेमचंद्रचा साडू. म्हणजे हेमचंद्रची बायको चारुशीला, तिची धाकटी बहीण वल्लरी, आणि वल्लरीचा नवरा अवधूत. तो आधीही साडूच होता, पण हैदराबादला होता, आणि हैदराबादेतला साडू माणूस सोसू शकतो. आता त्याच्या कंपनीनं सांगितलं की काम कुठूनही करा, म्हणून दोघं आदिलाबादला आले आणि बसस्टँडच्या मागे फ्लॅट घेऊन राहिले. अवधूत दिवसभर हाफपँटमध्ये बसून अमेरिकेतल्या लोकांशी बोलत असे. एवढ्यावर भागलं असतं. पण तो स्वभावानंही चांगला होता.

पहिला घाव दिवाळीच्या जेवणात बसला. सासूबाई, कौशल्याबाई, ताटं वाढता वाढता म्हणाल्या, "आधी अवधूतरावांना वाढ गं, त्यांची मीटिंग आहे." हेमचंद्र मोठा जावई. आजवर या घरात पहिलं ताट त्याचं असे. त्यानं जाहीर केलं की आज मलाही जरा मिलमध्ये जाऊन यावं लागेल.

"पाडव्याला?" सासूबाईंनी विचारलं. "मिल तर बंद आहे ना?"

"सर्व्हर बंद नसतो," हेमचंद्र म्हणाला.

अवधूतनं ताटावरून मान वर केली. "भाऊजी, तुमच्याकडे स्वतःचा सर्व्हर आहे? खरंच? बघायला आवडेल."

इथे हेमचंद्रनं मोठी चूक केली. तो हो म्हणाला.

दोन-तीन दिवसांनी त्यानं साडूला मिलमध्ये नेलं, सगळ्यांच्या देखत पट्ट्याची किल्ली काढली आणि खोली उघडली. आत सर्व्हर घुरघुरत होता. अवधूत त्याच्याजवळ गेला, वाकला, आणि एखाद्या जुन्या देवळात उभं राहिल्यासारखा म्हणाला, "अरे वा! हे अजून चालतं?"

त्याला खरंच कौतुक वाटलं होतं. पण नेमके सेठजी दारात उभे होते, आणि कौतुकाच्या शब्दांतून धोका ओळखण्यात सेठजींचं आयुष्य गेलं होतं.

"क्यूँ? नहीं चलना चाहिए?"

"तसं नाही सेठजी. फक्त आता याची गरज नसते."

"किसकी?"

अवधूतनं सांगितलं. आताच्या पद्धतीत आपला सर्व्हर ठेवावाच लागत नाही. सेठजींनी मोबाइलमध्ये भाव टाकला की क्लाउडमधला एक लहानसा प्रोग्राम तेवढ्यापुरता जागा होतो, निरोप पुढे ढकलतो आणि परत झोपतो. काम असेल तेवढाच वेळ तो असतो. एरवी नसतोच. केंद्रांवरच्या कॉम्प्युटरनंही सारखं 'भाव आला का, भाव आला का' विचारत बसायचं नाही. "फोन लावून ठेवायचा, कट करायचा नाही, असं समजा. दोन्हीकडे शांतता. इकडून बोललं की तिकडे त्याच क्षणी ऐकू येतं. इचोड्याची लाइन मध्ये तुटली तरी परत जोडली की राहिलेला निरोप मिळतो."

"काम असेल तेवढाच वेळ असतो," सेठजी स्वतःशी मराठीत म्हणाले, आणि त्यांनी हेमचंद्रकडे पाहिलं. पाहण्यात तसं काही नव्हतं. पण हेमचंद्रला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

"कितीला करोगे?" सेठजींनी विचारलं.

"घरचंच काम आहे. सुट्टीत करून देतो."

फुकट! माणूस चांगला असावा, पण त्यालाही काही मर्यादा असतात.

घरी चारुशीला भाजी निवडत होती. हेमचंद्र चपला न काढता खुर्चीत बसला.

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला दुसरं काही काम नाही का?"

"काऊन? काय केलं त्यांनी?"

"माझा सर्व्हर काढून राह्यला."

"मग बरं आहे की. रोज घरी येऊन त्याच सर्व्हरच्या नावानं बोंबलता तुमी."

"मी बोंबललो तर चालतं. तो माझा आहे."

चारुशीलानं शेंग मोडली. "जळून राह्यले तुमी."

"मी? त्याच्यावर? हाफपँट घालून फिरणाऱ्या माणसावर?"

"वल्लरीकडे फरशी पुसायचं मशीन आलंय," चारुशीला एकदम म्हणाली. "गोल. आपलं आपण फिरतं. काल मला मुद्दाम बोलावलं चहाला, अन् चहा पिऊन होईपर्यंत ते माझ्या पायाशी घिरट्या घालून राह्यलं. म्हणते, ताई, तू पाय वर घे, त्याला तिथं जायचंय." तिनं दुसरी शेंग जरा जास्तच जोरात मोडली. "माझ्या पायाखाली काय होतं पुसायला?"

हेमचंद्रनंही एक शेंग उचलून तितक्याच जोरात मोडली. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांच्यात एवढी एकवाक्यता कधी झाली नव्हती.

"तुमी असं करा," चारुशीला शेवटी म्हणाली. "बनवू द्या त्याला काय बनवायचं ते. फक्त तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय काही पुढं जाऊ देऊ नका. आमच्या तहसीलीत तसंच असतं. कागद कितीही मोठ्या साहेबाचा असो, शिक्का बसल्याशिवाय टेबलावरून हलत नाई."

ती तहसील कार्यालयात वरिष्ठ सहायक होती. निरोप कसे थांबवायचे यातलं तिला पुष्कळ कळत होतं.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्र सेठजींच्या केबिनमध्ये गेला आणि त्यानं शिस्तीत विषय मांडला. भाव म्हणजे मिलच्या घरातली गोष्ट. ती मोबाइलवरून सरळ केंद्रावर जाणार. समजा, सेठजींचं बोट चुकलं. समजा, एक शून्य जास्त पडलं. परत घ्यायला वेळ कुठे आहे? निरोप तर त्याच क्षणी पोहोचणार. म्हणून मध्ये कुणीतरी पाहिजे. पाहून मंजूर करणारं.

सेठजी शून्याच्या विचारानं जरा फिकट झाले. "सही बात. हेमचंद्र मंजूर करेगा, फिर जाएगा."

अवधूतनं वाद घातला नाही. त्याची ती सवयच होती, आणि हेमचंद्रला तिचा खूप त्रास होई. त्यानं मंजुरीची सोय करून दिली. सेठजींनी भाव टाकला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत क्लाउडमधून हेमचंद्रच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर येई, आणि तिथे थांबे. हेमचंद्रनं 'मंजूर' हे हिरवं बटण दाबलं की पुन्हा पातं लवायच्या आत इचोड्याला आणि तामसीला जाई. दोन पातं लवण्यांच्या मध्ये हेमचंद्रचा चहा, जेवण आणि एक फेरफटका बसत असे.

चाचणीच्या दिवसांत इचोडा केंद्राचे चंपतराव फोन करायचे. चंपतराव केंद्र सांभाळायचे आणि काट्यावरही तेच बसायचे.

"हेमचंद्रराव, भाव नाई आला जी."

"आला आहे."

"इथं तर काई नाई दिसून राह्यलं."

"इथे आला आहे. मंजूर व्हायचा आहे."

"मंग करा ना मंजूर."

"पाहतो."

आणि पलीकडे हंगामाआधी नुसता भाव विचारायला आलेले शेतकरीसुद्धा गप्प व्हायचे. पहिल्यापेक्षा जास्त गप्प. हेमचंद्रच्या लक्षात आलं, की नवी पद्धत तशी वाईट नाही.

इथे तो थांबला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण अवधूतनं केंद्रांच्या पडद्यावर 'मिळाला' असं एक बटण ठेवलं होतं. भाव पोहोचला की केंद्रानं ते दाबायचं, म्हणजे पोचपावती परत येते. हेमचंद्रला ही पोचपावती हवीशी वाटली. त्यानं साडूला गाठलं.

"ती पोचपावती माझ्याकडे आली पाहिजे."

"येईल, भाऊजी."

"सेठजींच्या मोबाइलवर पण जाऊ द्या. त्यात लिहा, हेमचंद्र यांनी मंजूर केलेला भाव मिळाला."

अवधूतनं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. "लिहितो. आणि कुणी दोनदा-तीनदा बटण दाबलं तर एकच पाठवू. बाकीच्या गाळून टाकू. नाहीतर उगीच पाऊस पडेल."

"गाळायच्या काऊन?" हेमचंद्रला वाटलं, हा आपल्या नावाच्या पावत्या कमी करून राहिलाय. "केंद्रानं दहादा दाबलं तर दहा आल्या पाहिजेत. कोण किती दाबतो ते मला कळलं पाहिजे."

"बरं," अवधूत म्हणाला.

हंगामाचा पहिला दिवस आला. आमच्याकडे पहिली गाडी काट्यावर चढायच्या आधी काट्याची पूजा होते. हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, आणि काट्याशी एक नारळ. तो नारळ आरती झाल्याशिवाय कुणी जागचा हलवत नाही. हलवला तर वर्षभर काटा खोटं बोलतो, अशी समजूत आहे. आरतीला पहिल्या गाडीचा धनी हजर असावा लागतो. इचोड्याला हा मान सुधाकररावांचा. ते आडगावातून ट्रॅक्टरनं येत आणि येताना प्रत्येक ओळखीच्या टपरीवर थांबत.

सेठजींनी आदिलाबादेत आपली पूजा आटोपली आणि मोबाइलमध्ये हंगामाचा पहिला भाव टाकला. हेमचंद्रनं चष्मा पुसला, भाव वाचला, पुन्हा वाचला, आणि 'मंजूर' दाबलं. इचोड्याच्या पडद्यावर भाव उमटला. चंपतरावांनी 'मिळाला' दाबलं. पोचपावती आली. सेठजींच्या मोबाइलवर टिंग वाजलं: इचोडा, हेमचंद्र यांनी मंजूर केलेला भाव मिळाला. सेठजींनी वाचून मान हलवली. हेमचंद्रनं ते केबिनच्या काचेतून पाहिलं, आणि त्याला आपलं शिक्षण वाया गेलं नाही असं वाटलं.

मग टिंग पुन्हा वाजलं. मग पुन्हा. मग दोन टिंगांच्या मधली जागाच संपली आणि सेठजींच्या हातातला मोबाइल रेड्यासारखा फुरफुरायला लागला. पडद्यावर हेमचंद्रचं नाव एकाखाली एक, एकाखाली एक, वर सरकत होतं.

"हेमचंद्र!" सेठजी केबिनमधून ओरडले. "ये तू क्या भेज रहा है मेरे को?"

हेमचंद्रच्या टेबलावरचा कॉम्प्युटर तर केव्हाच गोठला होता. साडूची पद्धत फसल्याचा आनंद हेमचंद्रनं आधी दाबला आणि तो गंभीर चेहऱ्यानं केबिनमध्ये गेला. "मी आधीच बोललो होतो, सेठजी. आपला सर्व्हर तो आपला. असं कधी केलं का त्यानं?"

"वो बाद में. पहले इसको बंद कर!"

हेमचंद्रनं इचोड्याला फोन लावला. मागे घंटा वाजत होती.

"चंपतराव, बटण काऊन दाबून राह्यले सारखं?"

"मी नाई दाबून राह्यलो जी. मी एकडाव दाबलं अन् पूजेला लागलो."

"मग कोण दाबतंय?"

"कॉम्प्युटरपाशी? इथं तर कोणी नाई. देवच हाये फक्त."

"म्हणजे?"

"म्हंजे पूजा मांडली ना. यंदा काटा कॉम्प्युटरावरच चालते तर म्हटलं कॉम्प्युटरचीच करू. माळ घातली, कुंकू लावलं. लई चांगला दिसून राह्यला."

"नारळ कुठे ठेवलाय?"

"कीबोर्डावर. तेवढीच सपाट जागा होती."

"कीबोर्डावर कुठे?"

"ते मोठं बटण असते ना उजवीकडं, वळणाचं, त्याच्यावर बरोबर बसला. घसरतच नाई."

"चंपतराव, ते एंटर आहे! ते दाबलेलं राहिलं की 'मिळाला' सारखं दाबलं जातं. नारळ उचला."

"असा कसा उचलू? आरती व्हायची हाये."

"मग करा ना आरती!"

"सुधाकरराव यायचे हायेत जी. आत्ता फोन आला त्यांचा, चहा घेऊन राह्यले म्हणे."

"अहो, इथे सेठजींचा मोबाइल फुटेल!"

"मंग सेठजीलेच विचारा, नारळ हलवू का," चंपतराव थंडपणे म्हणाले. "काटा खोटा निघाला तर माह्यावर नको."

हेमचंद्रनं विचारलं. सेठजी मोबाइल टॉवेलात गुंडाळत होते. काटा हा शब्द कानावर पडताच त्यांचा हात थांबला. टॉवेल टिंगटिंगत होता. "नहीं," ते म्हणाले. "नारियल नहीं हिलाना. अवधूत को फोन लगाओ."

अवधूत मीटिंगमध्ये होता. अमेरिकेकडे जाणारा आपला आवाज क्षणभर बंद करून त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "एक मिनिट." मिनिटही लागलं नाही. टॉवेल शांत झाला. त्यानं घरबसल्या इचोड्याच्या पावत्या तात्पुरत्या थांबवल्या होत्या, आणि मग नेहमीसाठी असं केलं होतं की एका भावाला एका केंद्राची एकच पावती जाईल, बटणावर बोट असो की नारळ. खुर्चीतून उठलाही नाही. हेमचंद्रला वाटलं, निदान हाफपँट तरी बदलायची होती.

संध्याकाळी अवधूत स्वतः मिलमध्ये आला. सेठजींनी विचारलं, की गलती किसकी?

हेमचंद्र जवळ सरकला. साडूच्या तोंडून आता आपलं नाव निघणार. त्याची त्याला भीती होती, आणि थोडीशी आशाही होती, कारण त्यानंतर अवधूतला तो उघडपणे वाईट माणूस म्हणू शकला असता.

"माझी," अवधूत म्हणाला. "एकच पावती जाईल असं मी सुरुवातीलाच करायला हवं होतं."

सेठजी खूश झाले. "देखा? गलती मान लिया. बड़ा आदमी ऐसा होता है. चाय लाओ."

चहा आला. हेमचंद्रला तो प्यायला जाईना. सर्व्हर गेला होता, पहिलं ताट गेलं होतं, आणि आता त्याची स्वतःची चूकसुद्धा या माणसानं नेली होती. त्याला राहवेना. अवधूत गेल्यावर तो परत केबिनमध्ये शिरला.

"सेठजी, ती चूक त्याची नाही. माझी आहे. मीच सांगितलं होतं, सगळ्या पावत्या पाठव म्हणून."

सेठजींनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "रहने दे हेमचंद्र. अपने साढू को बचा रहा है. अच्छी बात है."

"बचावत नाही, खरंच माझी—"

"तू भी अच्छा आदमी है," सेठजी म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

घरी येऊन त्यानं चारुशीलाला सगळं सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वल्लरी आत्ता येऊन गेली. म्हणते, ते मशीन तू काही दिवस वापरून बघ, ताई."

"घेतलंस?"

"घेतलं. खाटेखाली अडकलंय. काढू नका तुमी."

एक गोष्ट मात्र हेमचंद्रकडे शिल्लक होती. 'मंजूर' बटण. सेठजींनी ते काढायला सांगितलं नव्हतं, आणि अवधूतनंही त्याला हात लावला नव्हता. भाव कुठूनही येवो, कितीही वेगानं येवो, हेमचंद्रच्या बोटाखालून गेल्याशिवाय तो इचोड्याला पोहोचणार नव्हता. साडूला अमेरिका सांभाळायची असेल तर सांभाळू दे. दुसऱ्या दिवशी हेमचंद्र वेळेआधी मिलमध्ये गेला, टेबल पुसलं, कॉम्प्युटर लावला, आणि बोट बटणावर ठेवून बसला. समोर हिरवा चौकोन होता. त्याच्यावर काही आलेलं नव्हतं.

दुपारपर्यंत काही आलं नाही. त्यानं अवधूतला फोन केला. अवधूतनं तिकडून तपासलं आणि सांगितलं की लाइन चालू आहे, इचोडा जोडलेलं आहे, तामसी जोडलेलं आहे, सगळे कान लावून बसलेत. हेमचंद्रला वाटलं, हा आता मला वगळून काहीतरी पाठवतोय. त्यानं चंपतरावांना विचारलं. चंपतराव म्हणाले, कालचाच भाव दिसून राह्यला जी.

तिसऱ्या दिवशी तो सेठजींकडे गेला आणि म्हणाला, आजचा भाव टाकायचा राहिला वाटतं.

सेठजी पेपर वाचत होते. त्यांनी पानावरून वर न पाहता सांगितलं, की दोन्ही केंद्रं आणि मिल त्यांनी यंदा सरकारी खरेदीला भाड्यानं दिली आहेत, पहिल्या दिवशी टाकला तो हमीभाव होता, आणि तो हंगाम संपेपर्यंत बदलत नाही.